कळलावीच्या कंदाखाली पाणी साचू देऊ नका

मृग तोंडावर आला आहे. परसात किंवा कुंडीत कळलावी (खड्यानाग, वाघनखी) लावणाऱ्यांनी आज खताची नाही, कुंडीच्या भोकांची काळजी करावी. ही आपल्या रानची वेल. डोंगरउतारावर, कुंपणाच्या दगडांतून ती दरवर्षी आपसूक उगवते, कारण कितीही पाऊस झाला तरी तिथे कंदाखालून पाणी निघून जाते. घरी मात्र कंद पाण्यात बसतो आणि सडतो.

कुंडी उचलून बूड बघा. बोट जाईल अशी तीन-चार भोके हवीत. गाळाने बुजली असतील तर काठीने मोकळी करा. वर खापरीचे तुकडे, त्यावर दोन इंच मुरूम. खालची ताटली पावसाळाभर काढून ठेवा, कुंडी दोन विटांवर बसवा. काळ्या जमिनीत खड्डा करून लावू नका, तो विहिरीसारखा भरतो. फूटभर उंच वरंब्यावर लावा.

लागवड:
- कुंडी १२ ते १४ इंची, जागा उन्हाची
- माती २ भाग, जाड वाळू किंवा मुरूम १ भाग, कुजलेले शेणखत १ भाग
- कंद आडवा, ५ ते ७ सेंमी खोल
- जमिनीत दोन कंदांत ३० सेंमी
- आधाराला सुतळी, काटक्या किंवा जाळी. वेल पानाच्या टोकाने पकडते, जाड बांबू तिला धरता येत नाही.

कंद नांगरासारखा दुफाट्याचा असतो, म्हणून संस्कृतात ही लांगली. फाट्याच्या टोकाशी बारीक डोळा असतो. तो मोडला की त्या फाट्यातून कोंब येत नाही, तेव्हा कंद पिशवीत टाकून हिसकत आणू नका. रानातल्या वेलीचे कोंब दिसू लागले की आपला कंद लावावा, हा ठोकताळा सहसा चुकत नाही.

दुकानातले तयार मिश्रण बहुतेक कोकोपीटचेच असते. ते पाणी धरून ठेवते आणि या कंदाला नेमके तेच नको. मुळे वाढवणाऱ्या महागड्या बाटल्याही घेऊ नका.

जुलैत वेल खालून पिवळी पडली की लोक युरिया देतात. तिथेच वेल जाते. आधी बोटाने माती उकरून कंद दाबा. मऊ लागला, आंबूस वास आला, तर तो सडतो आहे. साचलेले पाणी काढा, मग कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम मिसळून बुडाशी ओता. पाणी न काढता औषध ओतले तर पैसे वाया. ट्रायकोडर्मा (सड रोखणारी उपयोगी बुरशी) दिला असेल तर ताम्रयुक्त औषध लगोलग देऊ नका, ही बुरशीही मरते.

काळ्या अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके असलेली अळी चार दिवसांत वेल बोडकी करते. रोज सकाळी पानांची खालची बाजू बघा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. जास्त असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

सगळी वेल विषारी आहे, कंद तर फारच. हातमोजे घाला, कंद रताळ्यांजवळ ठेवू नका. रांगते मूल किंवा मोकळी शेळी असलेल्या घरी लावूच नका.

परतीच्या पावसानंतर वेल आपोआप पिवळी पडते. हा रोग नव्हे. हिरवी असताना कापू नका, खाली नवा कंद भरत असतो. वाळली की पाणी पूर्ण बंद. दिवाळीनंतर बाकीच्या कुंड्यांबरोबर सवयीने हिच्यातही तांब्याभर पाणी पडते आणि पावसाळ्यात वाचलेला कंद तेव्हा जातो. कुंडी पडवीत आडवी करून ठेवा. मेअखेर पुन्हा भोके तपासा, मगच माती ओली करा.