नव्या घराच्या अंगणाचा खर्च: आधी जमीन, मग झाडं

वास्तुशांत उरकली की अंगणाकडे लक्ष जातं, आणि पहिला खर्च बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीवर होतो: नर्सरीतून आणलेल्या रोपांवर. अंगणाच्या बजेटात रोपं हा छोटा आकडा असतो. मोठा पैसा जातो तो मुरूम, माती, पाण्याचा निचरा आणि फरशी यांवर.

उदाहरणाला 30 × 50 चा प्लॉट घेऊ. 1500 चौरस फुटांपैकी 900 वर घर, उरले 600. त्यातली 250 फूट फरशी, 200 फूट वाफे, बाकी बाजूची बोळं. टेप लावून कागदावर हा नकाशा काढा. सेप्टिक टँक, चेंबर, बोअर आणि नळाची लाईन त्यावर खुणा करून ठेवा. काम संपल्यावर या जागा कुणालाच आठवत नाहीत.

फरशीखाली 6 इंच दाबलेला मुरूम हवा. 250 × 0.5 म्हणजे 125 घनफूट. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून पाव भाग जास्त धरा: साधारण दीड ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). त्यावर 2 इंच कच (दगडाचा बारीक चुरा), म्हणजे 42 घनफूट, अर्धा ब्रास पुरे. पेव्हर (फरशीचे सिमेंटचे ठोकळे) 60 मिमी जाडीचे, तुटफुटीसाठी 5 टक्के जादा धरून 263 चौरस फूट. वाफ्यांत फूटभर माती म्हणजे 2 ब्रास, बसण्याचा हिशेब धरून अडीच. त्यात दोन भाग लाल माती आणि एक भाग शेणखत. खत पूर्ण कुजलेलंच घ्या. कच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, हे ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको.

दर विचारताना ‘ट्रॉलीचा किती?’ असं विचारू नका, ब्रासचा दर विचारा. ट्रॉली आली की लांबी, रुंदी आणि मालाची उंची मोजा. 10 × 6 × 1.5 ची ट्रॉली म्हणजे 90 घनफूटच, एक ब्रास नव्हे. दोन-तीन खेपांत हा फरक चांगलाच जाणवतो. उतरवणं आणि पसरणं दरात आहे का, तेही आधीच ठरवा.

एक लाखाचं बजेट असेल तर आमची वाटणी अशी: राडारोडा काढणं आणि सपाटी 15 हजार, निचरा आणि पाईप 15, फरशी 35, माती-खत 12, रोपं 8, ठिबक 5, आणि 10 हजार हातचे राखून. राडारोड्यावर कंजूषी करू नका. गवंडी सिमेंट, चुना, विटांचे तुकडे तिथेच पुरून टाकतात. अशा मातीत चुन्याचा अंश वाढतो, लोह झाडाला मिळत नाही आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात. वाफ्यांच्या जागी फूटभर खणून तो माल बाहेर काढा, मगच नवी माती भरा.

पाण्याचं गणित गावागणिक बदलतं. बेळगावात 100 मिमीचा पाऊस एका दिवसात पडला तर या प्लॉटवर जवळजवळ 14 हजार लिटर पाणी येतं. खानापूर-कणकुंबीकडे पाऊस त्याहून जास्त, तर अथणीकडे बराच कमी. तिथे निचऱ्याचे पैसे वाचवून टाकीवर घाला. फरशीला घरापासून बाहेर दर 10 फुटांना 2 इंच उतार द्या. कंपाउंडच्या भिंतीत पाणी जायला भोकं ठेवा, पण ते शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नका. भांडणाचा खर्च कुठल्याच बजेटात बसत नाही. फरशी घालण्याआधी खालून दोन इंची पीव्हीसीचे दोन रिकामे पाईप टाकून ठेवा. पुढे ठिबक किंवा वायर न्यायची झाली तर फरशी उखडावी लागत नाही.

येळ्ळूर-शहापूरकडच्या काळ्या जमिनीत जास्त सांभाळा. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पेव्हर वर-खाली होतात. तिथे मुरूम 9 इंच धरा. म्हणजे तेवढ्याच फरशीला सव्वादोन ब्रासच्या पुढे. भिंतीलगतची फरशी तर कुठल्याही जमिनीत खचते, कारण पायाच्या खणातली भर नीट धुमसलेली नसते. ती 6-6 इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसवा. कडेला काँक्रीटचा बांध नसेल तर पेव्हर हळूहळू बाहेर सरकतात.

पैसे एकदम नसतील तर टप्पे पाडा. उन्हाळ्यात सपाटी, निचरा आणि पाईप, मृगाच्या पावसावर झाडं, फरशी दिवाळीनंतर. पहिल्या पावसात भर जिथे बसायची तिथे बसून घेते.

लॉनचा मोह आवरा. 200 फूट हिरवळीला उन्हाळ्यात रोज 90-100 लिटर पाणी लागतं, शिवाय कापणी आणि तण वेगळंच. त्या जागी लिंबू, कढीपत्ता, जास्वंद आणि एखादं कलमी पेरूचं झाड लावा. नारळाला 25 फुटांचं अंतर हवं, त्यामुळे एवढ्या अंगणात एकच, तेही सेप्टिक टँकपासून लांब. वड, पिंपळ, उंबर मात्र कंपाउंडच्या आत नकोतच. रोपं सरकारी रोपवाटिकेत स्वस्त मिळतात, पण पाऊस लागताच संपतात. मेअखेरीस चौकशी करून ठेवा.