वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी घरच्यांना घेऊन कशी सुरू करावी

कव्हर निघालं की धूळ खाली बसायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "एकदा सेल्फ मारून बघू या का?" त्या माणसाच्या हातून किल्ली घ्या आणि खिशात टाका. दहा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल कधीच निथळून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. अशा कोरड्या इंजिनाला स्टार्टरने फिरवलं, तर इतकी वर्षं टिकलेले सिलिंडर काही सेकंदांत ओरखडतात. किल्लीची पाळी शेवटी येते. त्याआधी दोन-तीन रविवार जातात, आणि खरी मजा त्याच रविवारांत आहे.

आधी विचारा, मग उघडा

घरात ज्यांनी ही गाडी चालवली, त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसवा आणि विचारा: गाडी उभी का केली होती? नीट चालणारी गाडी सहसा कोणी सोडून देत नाही. "पाणी तापायचं", "ब्रेक एका बाजूला ओढायचे", "क्लच घसरायचा", यातलं एखादं वाक्य मिळालं तरी आठवडाभराची शोधाशोध वाचते.

मुलांकडे फोटो आणि चिठ्ठ्या द्या. वायर काढण्याआधी फोटो, काढल्यावर तिला चिठ्ठी. प्लगच्या वायरी कोणत्या क्रमाने होत्या हे पुढे सगळेच छातीठोकपणे सांगतात, आणि प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो. मात्र मुलं पेट्रोलजवळ नकोत. गाडीखाली तर नकोतच. मोठ्यांनीही नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, स्टँड लावावेत. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये, ॲस्बेस्टॉस असू शकतं.

बॉनेट उघडल्यावर पहिली नजर उंदरांसाठी. एअर क्लीनर, सीटखालची जागा आणि सायलेन्सरचं तोंड बघा. सायलेन्सर बघायचं मी एकदा विसरलो होतो. इंजिन पकडलं आणि मागे उभ्या असलेल्यांच्या अंगावर कापूस, चिंध्या आणि शेंगांची टरफलं उडाली. कुरतडलेली वायर दिसली की ती बदला. नुसती टेप गुंडाळू नका.

इंजिन हाताने फिरवा

या पायरीवर घाई करायचीच नाही. सगळे स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-दोन चहाचे चमचे इंजिन ऑइल सोडा आणि किमान एक रात्र जाऊ द्या. जास्त वर्षं उभी असेल तर आठवडाभर थांबा, मधे पुन्हा थोडं ऑइल सोडा.

मग गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड आणि इग्निशन बंद. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीच्या नटाला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हलकेच ढकला. हललं नाही तर पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका. पुन्हा ऑइल सोडा, थांबा. दोन-तीन आठवड्यांनीही ढिम्म असेल तर हे काम मेकॅनिकचं आहे. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडावं लागेल.

गाडीला पुढून फिरवून सुरू करायचं हँडल असेल तर आजोबांना ते दाखवायची भारी हौस असते. दाखवू द्या, प्लग बाहेर आहेत तोवरच. पुढे कधी चालू इग्निशनवर हँडल मारायची वेळ आली, तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती गुंडाळायचा नाही. जोर खालून वर ओढतानाच लावायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. याच त्रासामुळे १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा सेल्फ स्टार्टर दिला आणि हँडल हळूहळू मागे पडलं.

ऑइल, पाणी, पेट्रोल

डिपस्टिक काढा, बघा आणि हुंगा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. पेट्रोलचा वास आला तर पंपाच्या पडद्याचं रबर फाटून पेट्रोल खाली झिरपलेलं असू शकतं. काहीही असो, ऑइल आणि फिल्टर बदलाच. रेडिएटरमध्ये पाणी भरून होज, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्या, पिळून बघा. करकरले किंवा भेगा दिसल्या की बदला.

टाकीतलं पेट्रोल सगळं काढा. त्याला आता वार्निशसारखा कुबट वास येत असेल. त्यावर नवीन ओतून काही साधत नाही, उलट डिंकासारखा थर आणि गंज कार्ब्युरेटरमध्ये जातो. टाकी धुवा, रबरी नळ्या बदला, कार्ब्युरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, साफ करा. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. आणि उघड्या कार्ब्युरेटरमध्ये डब्याने पेट्रोल ओतून सेल्फ मारायची जुनी करामत या गाडीवर करू नका. इंजिनाने उलटा भडका मारला तर आग आधी त्या डब्याला लागते.

बॅटरी आणि ठिणगी

जुन्या बॅटरीवर वेळ घालवू नका. नवी घेण्याआधी गाडी ६ व्होल्टची की १२ ची हे बघा. जुन्या बॅटरीला तीन झाकणं असतील तर ६, सहा असतील तर १२. ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह वायर जोडलेली असते. आजच्या सवयीने उलटी जोडणी केली तर डायनॅमोची पंचाईत होते.

प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे छोटे संपर्क, बारीक पॉलिश पेपरने साफ करा. गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. मग कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) वायर काढून, प्लग बाहेरच ठेवून, थांबत-थांबत सेल्फ मारा आणि ऑइल प्रेशरचा काटा उठतो का बघा. उठला नाही तर पुढे जायचं नाही.

किल्लीचा दिवस

गाडी ढकलून उघड्यावर आणा. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. प्लग आणि कॉइलची वायर परत लावा. एक जण स्टिअरिंगवर, एक इंजिनाजवळ, एक मागे धूर बघायला, एक पावडरचा अग्निशामक हातात घेऊन. पेट्रोलच्या आगीवर पाणी चालत नाही.

आता घरातला एकच नियम. कोणीही, अगदी पोराने जरी "बंद!" म्हटलं, तरी किल्लीवाल्याने कारण न विचारता इंजिन बंद करायचं. आधी एकदा लुटुपुटूची तालीम करा. स्टिअरिंगवर बसलेल्याला इंजिनाच्या आनंदात बाकी काही दिसत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

चोक ओढा आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मधे मिनिटभर थांबा. चार-पाच वेळा करून काहीच झालं नाही, तर प्लगला ठिणगी आहे का आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचतंय का, एवढंच तपासा.

इंजिन पकडलं की टाळ्या नंतर. आधी ऑइलचा काटा! दहा सेकंदांत उठला नाही तर बंद. सुरुवातीला निळा धूर येणार, तुम्हीच आत ऑइल सोडलं होतं. पाच-दहा मिनिटांनीही तो हटत नसेल तर रिंगा गेल्या असतील. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरी वाफ विरली तर ठीक, दाट येत राहिली तर सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटंच चालवून बंद करा आणि गळती बघा. दुसऱ्यांदा पूर्ण तापू द्या.

गाडी लगेच रस्त्यावर काढायची नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि चाकांचे सिलिंडर आतून गंजतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं.

त्या रात्री गाडीखाली जुने पुठ्ठे अंथरा आणि सकाळी मुलांना डाग वाचायला बसवा. मधोमध काळा डाग इंजिनाचा, पुढचा ओला पाण्याचा, आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट डाग दिसला तर तो बहुधा ब्रेकचा. तसा एक जरी सापडला, तरी पुढचा रविवार त्या चाकाचा.