तुम्ही बाहेर पडलात की कुत्रा कासावीस होतो? त्याला एकटं राहायला असं शिकवा

दारावर ओरखडे, फरशीवर लाळ आणि वर शेजाऱ्यांची तक्रार, "दिवसभर रडत होता." हा मुद्दाम त्रास देतोय, असं वाटणं साहजिक आहे. पण कुत्रा सूड उगवत नसतो, एकटं पडल्यावर घाबरलेला असतो. म्हणून रागावू नका. रागावलात तर तुमच्या परत येण्याचीही त्याला धास्ती बसेल.

१. आधी खात्री करा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून थोडा वेळ बाहेर जा. कंटाळलेला कुत्रा आधी डुलकी काढतो, मग चपलेकडे वळतो. घाबरलेला मात्र बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच धापा टाकतो, दाराशी येरझारा घालतो, आवडत्या खाऊलाही तोंड लावत नाही. घरात शू करत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, हे पशुवैद्यांकडून तपासून घ्या.

२. किल्ल्यांची भीती घालवा. किल्ल्या खुळखुळल्या की तो कान टवकारतो, बूट चढवले की मागे मागे फिरतो. तेव्हा दिवसातून अनेकदा किल्ल्या उचला आणि सोफ्यावर जाऊन बसा. बूट घालून स्वयंपाकघरात वावरा. हळूहळू त्याला त्याचं काही वाटेनासं होतं.

३. सेकंदांपासून सुरुवात करा. खरी मेहनत इथेच आहे. दाराबाहेर पाऊल टाका आणि लगेच आत या. तो शांत असेल तर पाच सेकंद, मग दहा, मग अर्धं मिनिट. वेळ दरवेळी वाढवू नका, मधूनच कमीही करा, नाहीतर प्रत्येक खेप आधीपेक्षा लांबणार हे त्याच्या लक्षात येतं. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, अंग आखडणं दिसलं की वेळ जास्त झाली असं समजा आणि मागे या. रडू लागेपर्यंत थांबायचं नाही. "रडून रडून गप्प होईल" हा सल्ला तर कानाआड करा. अर्ध्या-पाऊण तासापर्यंत तो निवांत राहू लागला की पुढची वाढ बरीच सोपी जाते.

४. सराव चालू असताना त्याला खूप वेळ एकटं ठेवू नका. सगळ्यात अवघड अट हीच. नातेवाईक, शेजारी, पाळणाघर, जे जमेल ते करा. एका दिवसाच्या घबराटीने आठवड्याची मेहनत वाया जाऊ शकते.

पिंजऱ्यात कोंडणं बऱ्याचदा अंगाशी येतं, सुटायच्या धडपडीत दात-नखं तुटतात. दुसरा कुत्रा आणूनही सहसा फरक पडत नाही, कारण त्याला माणूस हवा असतो.

नेटाने सराव करूनही फरक नसेल, किंवा तो स्वतःला जखमा करून घेत असेल, तर पशुवैद्यांना औषधाबद्दल विचारा. फ्लुओक्झेटिन, क्लोमिप्रामिन यांसारखी औषधं ते देऊ शकतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने त्याला देऊ नका.