इंटेलऐवजी एएमडी: नवा डेस्कटॉप जोडताना काय बदलते

आजवर इंटेलवरच काम केलेल्या माणसाने नव्या डेस्कटॉपसाठी एएमडीचा रायझन प्रोसेसर घ्यायचे ठरवले, तर जुन्या मशीनमधले काय कामी येईल हे त्याने आधी पाहावे. मदरबोर्ड बदलावाच लागतो, कारण दोन्ही कंपन्यांचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागा, वेगळे आहेत. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला एलजीए १७०० लागतो, तर २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० पासून एएम५. एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, म्हणून जुनी डीडीआर४ बाजूला ठेवावी लागते. कॅबिनेट, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड बहुधा पुढे नेता येते. जुना कूलर न्यायचा असेल, तर त्यासाठी एएम५ चा ब्रॅकेट मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे.

मराठवाड्यात प्रोसेसर निवडताना उन्हाळ्याचा विचार टाळता येत नाही. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. रायझन ५ ७६०० चा टीडीपी (किती उष्णता बाहेर काढावी लागेल याचा ढोबळ आकडा) ६५ वॅट असून किरकोळ विक्रीच्या बॉक्समध्ये कूलर सोबत मिळतो. ७६००एक्स चा टीडीपी १०५ वॅट आहे आणि त्याचा कूलर वेगळा घ्यावा लागतो. वेगातला फरक थोडा असल्याने, ज्यांच्या खोलीत एसी नाही त्यांनी एक्स नसलेलाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचे मुख्य काम व्हिडिओ एडिटिंगचे आहे, त्यांनी मात्र इंटेल सोडण्यापूर्वी आपले सॉफ्टवेअर क्विक सिंकवर (इंटेलच्या ग्राफिक्समधली व्हिडिओचे काम वेगाने करणारी सोय) किती अवलंबून आहे हे तपासावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर, उदाहरणार्थ ७५००एफ, घेऊ नये. त्यात डिस्प्लेची सोयच नसते.

जुने मशीन उघडण्याआधी डेटाचा बॅकअप घ्यावा आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण बोर्ड बदलताच ती मागितली जाते. टॅली वापरणाऱ्या दुकानदारांनी परवाना जुन्या मशीनवरून सरेंडर करावा. मशीनसोबत आलेला विंडोजचा ओईएम परवाना जुन्या बोर्डाशीच बांधलेला असतो, त्यामुळे नव्या परवान्याचा खर्च हिशेबात धरावा. विंडोज नव्यानेच टाकलेले बरे.

इंटेलच्या अलीकडच्या बोर्डांप्रमाणेच एएम५ मध्येही पिना सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवावा, वरून दाबू नये. वरचे प्लास्टिकचे झाकण आधी काढायचे नसते; लिव्हर बंद करताना ते आपोआप सुटून येते. सोबतचा कूलर चार स्क्रूंनी बसतो, पण त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट आधी खोलावे लागतात, आणि स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरच्या कोपऱ्यांतले थोडे थोडे फिरवावे लागतात. चार स्लॉटच्या बोर्डावर रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहतो. या वेळात बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो, पण इंटेलची सवय असलेल्याला मशीन बंद पडल्याचा भास होतो आणि तो बटण दाबून वीज तोडतो. तसे करू नये; दहा-पंधरा मिनिटे थांबावे. गावात वीज केव्हाही जाते, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे. रायझन ९००० घेतला असेल आणि बोर्ड आधीच्या बी६५० चिपसेटचा असेल, तर बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावे लागू शकते. ज्या बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचे बटण आहे, त्यावर ते प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हने होते, म्हणून खरेदी करतानाच हे बटण पाहावे.

विंडोज सुरू झाल्यावर एएमडीचे चिपसेट ड्रायव्हर टाकावेत. त्यानंतर बायोसमध्ये एक्सपो (रॅम तिच्या नमूद वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावे, अन्यथा ६००० ची रॅमही कमी वेगाने चालते. हा बदल केल्यावर जुळवणी पुन्हा होते आणि पडदा पुन्हा काही वेळ काळा राहतो. मशीन अडखळू लागले, तर एक्सपो बंद करून आधी बायोस अद्ययावत करावे.