या चुका टाळा: ग्रिप तशीच ठेवून शाफ्ट पुढे झुकवू नका

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, हे नेहमी दिसतं. कुणाचा तरी चेंडू सारखा उजवीकडे वळतोय, स्लाइस काही केल्या थांबत नाही. शेजारचा जुना खेळाडू आपुलकीने सांगतो, "हात चेंडूच्या पुढे ने." स्लाइस मारणारा ऐकतो, आणि त्याचा पुढचा चेंडू आणखीच उजवीकडे जातो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार. दोष ग्रिपमध्ये, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) धरण्याच्या पद्धतीत असतो आणि उपचार शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर चालतो.

फटक्याच्या क्षणी हात क्लबहेडच्या (क्लबच्या खालच्या डोक्याच्या) पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला असले, तर त्याला शाफ्ट लीन म्हणतात. त्याने लोफ्ट (चेंडूला उचलणारा फेसचा तिरपेपणा) कमी होतो, आधी चेंडू आणि मग गवत लागतं, चेंडू दमदार निघतो. चांगल्या खेळाडूंच्या आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) शॉटमध्ये हे हमखास असतं, म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. पण एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: शाफ्ट पुढे झुकला की क्लबफेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उघडतो. घरी करून पाहा. सेव्हन आयर्न जमिनीवर नीट टेकवा, फेस सरळ ठेवा आणि मनगटं अजिबात न वळवता हात डाव्या मांडीकडे न्या. फेस उजवीकडे पाहू लागेल. (इथलं सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी दिशा उलट घ्यावी.) शाफ्ट दहा अंश पुढे झुकवला, तर फेस साधारण चार-पाच अंश उघडतो. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो. म्हणजे 150 यार्डांवर दहा-बारा यार्डांची चूक, आणि चेंडू हवेत वळतो तो वेगळाच.

आता ग्रिपकडे या. स्ट्राँग आणि वीक या शब्दांचा किती जोराने धरलंय याच्याशी काही संबंध नाही. खाली पाहिल्यावर डाव्या मुठीवर बोटांच्या मुळाशी असलेल्या तीन किंवा जास्त गाठी दिसल्या तर ग्रिप स्ट्राँग, एकच दिसली तर वीक, दोन-अडीच दिसल्या तर मधली. वीक ग्रिपमध्ये फेस उघडा राहायला बघतो. मग शरीर स्वतःच तोडगा काढतं: शेवटच्या क्षणी मनगटं झटकून क्लबहेड हातांच्या पुढे टाकतं, म्हणजे फेस कसाबसा सरळ होतो. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. अशा खेळाडूचा शाफ्ट लीन नाहीसा झालेला असतो तो आळसाने नव्हे. उघड्या फेसची भरपाई तो त्यातूनच करत असतो. ती भरपाई काढून घेतली आणि ग्रिप तशीच ठेवली, तर चेंडू उजवीकडे जाणारच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ग्रिप, मग लीन. डाव्या हातात क्लबची मूठ तळव्यात धरू नका. तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरकी बसवा आणि तळव्याची गादी वरून टेकवा. दोन-तीन गाठी दिसू देत. पहिले काही दिवस ही पकड परकी वाटेल, चेंडू डावीकडेही जातील. घाबरून जुन्या पकडीकडे परतू नका. चेंडू डावीकडे गेला म्हणजे फेस आता बंद होतोय. पुढे झुकणाऱ्या शाफ्टला जागा मिळते ती इथेच.

सगळ्यांसाठी एकच ग्रिप बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकन गोल्फपटू बेन होगनने हूक (चेंडू डावीकडे वळणं) आवरण्यासाठी ग्रिप वीक केली. त्याच्याच देशाच्या पॉल अझिंगरची ग्रिप कमालीची स्ट्राँग होती आणि त्याच ग्रिपने त्याने 1993 ची पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा जिंकली. दोघांची मनगटं आणि शरीर आपापल्या ग्रिपला साजेसं चालत होतं. एकाची ग्रिप आणि दुसऱ्याचा इम्पॅक्ट (फटक्याचा क्षण) असं कडबोळं केलं, की शॉट हातात राहत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे हात मुद्दाम ढकलणं. लीन हा परिणाम आहे. वजन डाव्या पायावर आलं, कंबर आणि छाती लक्ष्याकडे वळत राहिली, तर हात आपोआप पुढे येतात. शरीर थांबवून नुसते हात रेटले, तर क्लबची पुढची धार जमिनीत रुतते. मॅटवर हे कळतच नाही, कारण क्लब घसरून चेंडूपर्यंत पोचतो. गवतावर खेळा आणि डिव्हॉट, म्हणजे क्लबने गवतात उकरलेला खड्डा, पाहा. तो चेंडूच्या जागेपुढे सुरू झाला पाहिजे.

क्लब किती घट्ट धरलाय तेही तपासा. मुंबईच्या मे महिन्यात घामाने ग्लोव्ह ओला होतो, जुनं ग्रिपचं रबर गुळगुळीत झालेलं असतं, आणि क्लब निसटेल या भीतीने मूठ आवळली जाते. आवळलेल्या मुठीत मनगट मोकळं राहत नाही. ते रबर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, दुसरा ग्लोव्ह बॅगेत ठेवा. तरीही घसरत असेल, तर ग्रिपचं रबर बदलून घ्या.

ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबला, हे सगळं लावू नका. चेंडू टीवर (जमिनीत खोचलेल्या खुंटीवर) आणि डाव्या टाचेसमोर असतो, तिथे पुढे झुकलेला शाफ्ट लोफ्ट मारतो आणि चेंडू खालीच राहतो.

ग्रीनजवळच्या (छिद्राभोवतालच्या बारीक गवताजवळच्या) चिपमध्ये, म्हणजे छोट्या फटक्यात, अतिरेक सगळ्यात महाग पडतो. वेजच्या (जास्त लोफ्टच्या क्लबच्या) तळाला जो बाऊन्स, म्हणजे उतार, असतो, तोच क्लबला जमिनीवरून सरकवतो. शाफ्ट जेवढे अंश पुढे, जवळपास तेवढेच बाऊन्सचे अंश कमी. पावसाळ्यातल्या मऊ जमिनीत दहा अंशांच्या बाऊन्सचा वेज दहा अंश झुकवला, तर पुढची धार थेट चिखलात जाते आणि चेंडू दोन हातांवर पडतो. तिथे हात चेंडूच्या किंचितच पुढे असू द्या. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, तेवढेही नकोत. तिथे आधी फेस उघडा आणि मग ग्रिप धरा. आधी ग्रिप धरून नंतर मनगटं वळवली, तर फटक्याच्या वेळी फेस पुन्हा मूळ जागी येतो.