दहा बाय दहात बिऱ्हाड बसवताना: संभाजीनगरात नव्यानं येणाऱ्यांसाठी

बीड, परभणी, हिंगोलीकडून कामधंद्यासाठी संभाजीनगरात येणाऱ्यांना वाळूज, रांजणगाव, चिकलठाणा, मुकुंदवाडी या बाजूला भाड्यानं मिळणारी खोली बहुतेक ठरलेल्या मापाची असते. पुढं दहा बाय दहा, मागं सहा बाय आठचं स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी. घरमालक तिला 'वन आरके' म्हणतो. गावाकडं याहून मोठी ओसरी सोडून आलेला माणूस पहिल्याच पगारात पलंग घेतो आणि मग वर्षभर त्याला वळसा घालून चालतो. पलंग सगळ्यात शेवटी घ्या. नाही घेतला तरी चालतं.

हिशेब करून बघा. एका अंथरुणाला अडीच बाय सहा फूट लागतात. सगळं सामान एकाच भिंतीला, दोन फुटांच्या पट्ट्यात लावलं तर आठ बाय दहा जमीन मोकळी राहते. त्यात चार अंथरुणं शेजारी शेजारी पडतात आणि पायाकडं दोन फुटांची वाट उरते. सहा बाय पाचचा डबल बेड टाकला तरी रात्री चारच माणसं झोपतात, दोन वर, दोन खाली. म्हणजे रात्री काही फायदा नाही, आणि दिवसा मात्र ऐंशीतले तीस चौरस फूट अडकून पडतात. मुलांचा अभ्यास, भाजी निवडणं, इस्त्री, पाहुण्यांचं जेवण, सगळं उरलेल्या पन्नासात. पाहुणे तर येणारच. घाटीत, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, कुणाला दाखवायला आणलं की सोबतची दोन-तीन माणसं तुमच्याकडंच उतरतात, ही गोष्ट धरूनच घर मांडायचं.

घरात गुडघे दुखणारं म्हातारं माणूस असेल तर सहा बाय तीनचा दिवाण घ्या, खाली पेटी असलेला. पेटी दीड फूट उंच असली की सगळ्या वाकळी, गोधड्या आणि उशा त्यात जातात. झाकण एकसंध नको, दोन तुकड्यांत करून घ्या. गादीसकट सहा फुटी फळी एकट्या बाईला उचलत नाही, आणि मग पेटी असून नसल्यासारखी होते. दिवाणाचं बजेट नसेल तर बाज उत्तम. सकाळी भिंतीला उभी केली की जागा मोकळी.

पहिला महिना काही विकत घेऊ नका. गावाकडचं कपाट आणायचं म्हणता? साडेसहा फुटी लोखंडी कपाट तीन फूट रुंद आणि दीड फुटाच्या वर खोल असतं. तेवढं माप खडूनं फरशीवर आखा, पुढं दार उघडायला आणखी दीड फूट आखा, आणि चार दिवस त्या रेघेवर पाय न देता वावरा. पाय सारखा पडत असेल तर जागा चुकली. जिन्याचं वळणही आधी मोजा. कपाट सरळ जिन्यातून जातं, अडतं ते वळणावर, आणि टेम्पोवाला तोवर निघून गेलेला असतो.

आता पाणी. या शहराला पैठणच्या जायकवाडीतून पाणी येतं, पण नळाला रोज येत नाही. प्रत्येक गल्लीचा वार वेगळा. अनामत देण्याआधी तीन गोष्टी विचारा: पाणी किती दिवसांआड येतं, टाकी किती लिटरची आहे, आणि ती किती बिऱ्हाडांत आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर शेजारणीला विचारा, ती खरं सांगते. चार माणसांचं घर काटकसरीनं वागलं तरी दिवसाला दीडशे-दोनशे लिटर लागतात, म्हणजे दोनशे लिटरचा एक ड्रम ही एका दिवसाची बेगमी. ड्रमला दोन फुटांचा गोल लागतो आणि उंची तीन फुटांच्या आसपास, त्यामुळं तो ओट्याखाली जात नाही. ओट्याखाली पन्नास-साठ लिटरचे बुटके टब ठेवा आणि ड्रम मोरीलगत. त्याला तळापासून चार बोटांवर तोटी बसवून घ्या आणि बादली तोटीखाली बसेल इतके विटांचे थर खाली रचा. भरलेला ड्रम दोनशे किलोंच्या वर जातो. तो जमिनीवरच हवा. माळ्यावर पाण्याचं भांडं चढवायचं नाही, रिकामं असताना चढवलं तरी कुणीतरी कधीतरी भरतंच. झाकणाऐवजी जाड फळी टाकली तर वर डबे ठेवता येतात, पण फळीच्या फटीतून डास आत जातो. म्हणून आधी तोंडाला कापड बांधा, मग फळी. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासायचा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

धान्याच्या बाबतीत जुनी सवय मोडावी लागते. वर्षाचं धान्य एकदम आणू नका. दीड फूट व्यासाची, तीन फूट उंचीची पत्र्याची कोठी साधारण एक क्विंटल गव्हाला पुरते. ज्वारी, गहू, तूर असं वर्षाचं भरायचं तर अशा चार-पाच कोठ्या, म्हणजे एक भिंत गेली. एक कोठी गव्हाला, एक ज्वारीला, डाळी पाच-दहा किलोंच्या डब्यांत. बाकीचं गावाकडंच राहू द्या आणि दर तीन महिन्यांनी येता-जाता आणा. कोठी भिंतीपासून चार बोटं लांब आणि लाकडी पाटावर ठेवा. आपल्याकडं काळ्या मातीतल्या बांधकामांना पावसाळ्यात ओल येते, आणि ओल लागली की सोंडे झालेच म्हणून समजा. धान्य कडक ऊन देऊन, पूर्ण गार करून भरा आणि वर कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. गरम भरलं तर आत घाम येतो.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. गावाकडं पोत्यात टाकतात ती किडीवरची सेल्फॉसची गोळी या खोलीत आणायची नाही. दमट हवेत तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो विषारी असतो आणि त्यावर उतारा नाही. गावात धान्य वेगळ्या खोलीत असतं. इथं कोठीशेजारी लेकरं झोपतात.

जमीन मोकळी ठेवायची म्हणजे सामान भिंतीवर चढवायचं. जुन्या माळवदी घरांत फडताळ, कोनाडे, खुंट्या होत्या, कारण भिंत दीड-दोन हात जाड असायची. इथली आतली भिंत चार इंची. तिला कोरता येत नाही, टांगता येतं. दाराच्या चौकटीच्या वर, सात फुटांवर, दोन भिंतींना एक फूट रुंदीची फळी फिरवली की वीस फूट लांबीची जागा मिळते आणि कुणाच्या डोक्यालाही लागत नाही. फळी १८ मिलिमीटरची घ्या, दर दोन फुटांवर लोखंडी ब्रॅकेट. १२ मिलिमीटरची स्वस्त पडते पण पितळी भांड्यांनी दोन वर्षांत मधून झोळ धरते. कडप्पा टिकाऊ खरा, पण २० मिलिमीटर जाडीचा कडप्पा चौरस फुटाला पाच किलो भरतो. वीस फूट म्हणजे नुसत्या दगडाचे शंभर किलो. तो ओट्याखाली चांगला, डोक्यावर नको.

भोक पाडताना घरमालकाला आधी विचारा. ८ मिलिमीटरचा ड्रिलचा बिट, तेवढाच प्लास्टिकचा गट्टू (भोकात बसवायची, स्क्रू धरून ठेवणारी नळी) आणि दोन इंची स्क्रू. गिलावा अर्धा-पाऊण इंच असतो, तेवढ्यातच स्क्रू अडकला तर भरलेली फळी गिलाव्याचा पापुद्रा घेऊन खाली येते. ड्रिलमधून पांढरी-करडी भुकटी येत राहते तोवर गिलावा. लाल भुकटी आली की वीट लागली, आणि ती आल्यावर निदान सव्वा इंच आत जायला हवं. विटेच्या भिंतीत भुकटी लाल न होता करडीच येत राहिली तर तुम्ही दोन विटांमधल्या सांध्यात शिरलात, दोन इंच बाजूला सरका. नव्या इमारतीत करड्या हलक्या ब्लॉकची भिंत असते, तिथं साधा गट्टू फिरत राहतो. त्या भिंतीचा वेगळा गट्टू हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नका, वायर तिथूनच गेलेली असते.

भोकं पाडू देत नसतील तर लोखंडी अँगलची रॅक घ्या. रविवारी जाफर गेटच्या आठवडी बाजारात जुनं सामान बघायला मिळतं. नटबोल्टची रॅक खोली बदलताना सुटी होऊन पोत्यात जाते, म्हणून भाडेकरूला तीच परवडते. जड डबे खाली ठेवा आणि वरचं टोक एका हुकानं भिंतीला बांधा, नाहीतर लेकरू चढलं की रॅक अंगावर येते.

सिलेंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. ओट्याखाली दारं लावून सिलेंडर झाकलात तर त्या दारांना खालच्या बाजूला भोकं हवीत. त्याच कोपऱ्यात देवघर आणि तेवता दिवा नको.

पत्र्याची खोली असेल तर उन्हाळ्यात खरी परीक्षा. वरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मार्चच्या आत द्या. आतून थर्माकोल लावू नका, तो भराभर पेटतो. कूलर खोलीत ठेवला तर चार चौरस फूट जमीन जाते आणि वर दमटपणा. तो खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवा आणि समोरची दुसरी खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. हवा बाहेर जायला वाट नसेल तर अंग चिकचिकतं आणि माणूस कूलरला नावं ठेवतो. पाणी भरताना आधी बटण बंद, मग पिन काढायची, मगच बादली. अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. बोअरच्या क्षारानं पॅड कडक होतात, ते हंगामाच्या मध्यावर एकदा बदलावे लागतात.

रंगाबद्दल फार डोकं खाजवू नका. छत पांढरं, भिंती फिकट, ट्यूबलाइट दारासमोरच्या भिंतीवर. भुसा दाबून केलेलं तयार फर्निचर स्वस्त दिसतं, पण मोरीच्या ओलीनं एका पावसाळ्यात फुगतं.

राहायला गेलात त्याच दिवशी चारी भिंती, फरशी, तोट्या यांचे फोटो मोबाइलवर काढून घरमालकाला पाठवा. अकरा महिन्यांचा करार संपताना तुमचे गट्टू उपसून भोकं पांढऱ्या सिमेंटनं भरा आणि वरून रंगाचा हात द्या. भिंतीला जुना कोणता रंग दिला होता ते घरमालकाला आधीच विचारून ठेवलेलं बरं.