उन्हाळ्यात परसातील कोंबड्यांची लिबलिबीत व विकृत अंडी : कारणे आणि उपाय

एप्रिलच्या मध्यापासून मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडू लागतो आणि त्याच सुमारास परसातील कोंबड्यांच्या अंड्यांविषयीच्या तक्रारी वाढतात. सकाळी खुराडे उघडावे तर भुशावर कवच नसलेले, लिबलिबीत अंडे पडलेले असते. बोटाने हलके दाबले की त्याला खळगा पडतो आणि उजेडासमोर धरले की पापुद्र्याआड बलक हलताना दिसतो. असे अंडे अपशकुनी मानून कोंबडी बाजारात नेण्याची घाई करू नये. एक अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यांपैकी सुमारे २० तास केवळ कवच चढण्यात जातात, म्हणून आजचे अंडे बहुधा कालच्या उन्हाचा, दाण्याचा आणि पाण्याचा हिशेब सांगत असते. एखाद्या कोंबडीने एखादे वेळी असे अंडे दिले तर दुर्लक्ष करावे. मात्र तीन-चार दिवस सलग किंवा एकाच वेळी अनेक कोंबड्यांकडून अशी अंडी येऊ लागली तर कारण शोधावे.

कोंबडीला घाम येत नाही. ऊन वाढले की ती चोच उघडून धापा टाकते, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट पुरेसे तयार होत नाही. शिवाय दुपारभर ती दाण्याला तोंड लावत नाही, म्हणजे कॅल्शियमही कमी पडते. खुराड्याचे पत्रे दुपारी तापत असतील तर त्यांवर पऱ्हाट्या, तुराट्या किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर टाकावा, बाजूंना ओली पोती सोडावीत, पण वारा अडवू नये. दाणा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्यावा.

आपल्याकडे परसातील कोंबडीचे मुख्य खाणे ज्वारी आणि घरातील उष्टे-खरकटे हेच असते. एका कवचासाठी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते, तर १०० ग्रॅम ज्वारीत ते ३० मिलिग्रॅमही नसते. उकिरड्यावर आणि बांधावर हिंडून कोंबडी किडे, गोगलगायी व पाला खाते तोवर बरेचसे भागते. वैशाखात बांध वाळले की हा आधार तुटतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे शिंपल्यांची भरड किंवा चुनखडीचे बारीक खडे वेगळ्या परळात ठेवणे. कोंबडी गरजेपुरते स्वतःच उचलते. कवच मुख्यतः रात्री चढते, त्यामुळे हे परळ सायंकाळी भरलेले असणे महत्त्वाचे आहे. पिठासारखी पूड लवकर निघून जाते, खडे मात्र पोटात राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. घरातील अंड्यांची टरफले वापरायची असल्यास ती धुऊन, तव्यावर भाजून पुरती चुरडावीत, अन्यथा कोंबड्यांना स्वतःची अंडी फोडून खाण्याची खोड लागते. पानाचा किंवा भिंतीचा चुना मात्र देऊ नये, कारण तो दाहक असतो. लहान पिल्लांना हे खडे देऊ नयेत, त्यांच्या मूत्रपिंडांना जादा कॅल्शियम झेपत नाही. उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीला ड जीवनसत्त्वाच्या बाटल्या पाजण्याची गरज सहसा नसते. तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

पाण्याकडे मात्र आपण फारच कमी लक्ष देतो. एरवी पाव लिटरच्या आसपास पाणी पिणारी मोठी कोंबडी कडक उन्हात त्याच्या दुप्पट पिते. बोअरचे पाणी खारट असेल तर कवच कमकुवत होते आणि उकळल्याने हा खारटपणा जात नाही, म्हणून निदान उन्हाळ्यापुरते तरी माणसांसाठी आणलेल्या गोड्या पाण्यातील वाटा कोंबड्यांना द्यावा. मातीची परळे सावलीत ठेवून दुपारी एकदा पाणी बदलावे.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आढळते. जनावरांसमोरची सरकी पेंड कोंबड्या टिपतात आणि काही दिवसांनी अंड्यातील पिवळा बलक हिरवट किंवा तपकिरी दिसू लागतो, कधी पांढऱ्या भागावर गुलाबी झाक येते. हा पेंडीतील घटकांचा परिणाम आहे. गव्हाणीपाशी कोंबड्यांना जाऊ देऊ नये. केवळ फिकट बलक हा दोष नव्हे. ज्वारीत रंगद्रव्य फारसे नसते. शेवग्याचा पाला, मेथीची देठे किंवा पिवळा मका दिला की रंग परत येतो.

नव्याने अंड्यावर आलेली तलंग पहिले काही आठवडे दोन बलकांची किंवा बलक नसलेली लिंबाएवढी अंडी देते. ती खाण्यास चांगली असतात, पण उबवणीस ठेवू नयेत. बलकावरील रक्ताचा ठिपका काढून टाकून अंडे नीट शिजवून खाता येते. मात्र रक्ताचे कडे दिसले तर ते अंडे फेकावे: कोंबडा सोबत असल्याने अंडे फळलेले असते आणि उन्हाच्या तापाने त्यातील गर्भ वाढू लागून मेलेला असतो. अंडी दिवसातून दोनदा गोळा करून थंड जागी, ओल्या वाळूवरील टोपलीत ठेवल्यास हे टळते. खाण्यासाठीच अंडी हवी असतील तर कोंबडा वेगळा ठेवावा, परंतु त्यानंतरही सुमारे दोन आठवडे फळलेली अंडी येत राहतात.

कोंबडी शेपटी खाली पाडून, ताठ उभी राहून कुंथत असेल तर अंडे अडकलेले असू शकते. तिचा मागील भाग कोमट पाण्यात थोडा वेळ धरावा, गुदद्वारास गोडेतेल लावावे आणि सावलीत शांत ठेवावे. अंडे आत फोडण्याचा प्रयत्न करू नये. अंड्याऐवजी चक्क्यासारखा थरांचा, दुर्गंधीयुक्त गोळा पडला तर अंडनलिकेत पू झाला आहे असे समजून तिला वेगळे करावे आणि पशुवैद्यकास दाखवावे.

सुरकुत्या पडलेली, वेडीवाकडी, आतील पांढरा भाग पाण्यासारखा झालेली अंडी अनेक कोंबड्यांकडून येत असतील आणि सोबत घरघर, हिरवी हगवण किंवा मान वाकडी होणे दिसत असेल, तर तो मानमोडी (राणीखेत रोग) किंवा श्वसननलिकेच्या संसर्गाचा इशारा असतो. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, हे ध्यानात ठेवून अचानक मरतूक झाल्यास मेलेल्या कोंबड्या उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत, उरलेल्या विकू नयेत आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मानमोडीची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात व पुन्हा आठव्या आठवड्याच्या सुमारास द्यावी. उन्हाळ्यात ती भल्या सकाळी टोचून घ्यावी आणि लस आणताना बर्फाचा डबा सोबत न्यावा.